जोडघरातला पानमळा

मालन जमदाडे आयुष्यात कधी चप्पल घालून पानमळ्यात शिरली नव्हती. आता मळा पोलादी खोलीत होता, वर आभाळाऐवजी जांभळट दिवे होते आणि खाली मातीऐवजी काथ्याचा भुसा भरलेले वाफे होते, म्हणून काय झालं? पहिल्या दिवशी तिनं उंबऱ्याशी चपला काढल्या. लगेच भिंतीवरचा स्पीकर बोलला.

"मावशी, पायात बूट घाला. नियम आहे इथला."

"हितनं पुढं नागवेल हाय, डॉक्टर. तुमचा नियम चपलांपाशी ठेवा," मालन म्हणाली आणि अनवाणी आत गेली.

बाहेरच्या नियंत्रण खोलीत डॉक्टर नसीमा मुल्लांनी कपाळाला हात लावला. पण बाई ऐकणाऱ्यातली नव्हती, आणि तिच्यावाचून भागणारही नव्हतं. कमी उजेडात नागवेल कशी जगवायची हे पुस्तकात वाचलेली माणसं ढीगभर होती. पस्तीस वर्षं हातानं जगवलेली ही एकच सापडली होती.

गोष्ट आजपासून वीसेक वर्षांनंतरची. मिरजेच्या पूर्वेला, दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याला ते जोडघर बांधलं होतं. चंद्रावर माणसं वर्ष-वर्ष ठेवायची, तर श्वासाला हवा कुठून आणायची, असा प्रश्न होता. त्याचं उत्तर म्हणून दोन खोल्या उभ्या केल्या. एकीत माणूस, दुसरीत नऊशे वेल, मधे भिंत, भिंतीत एक बंद दार आणि दोन नळ. माणसाची वापरलेली हवा एका नळानं वेलांकडे जायची, वेलांकडची ताजी हवा दुसऱ्या नळानं माणसाकडे यायची. बाहेरचं दार एकच, माणसाच्या खोलीला; वेलांकडे जायचं ते मधल्या दारानं. शंभर दिवस ते बाहेरचं दार बंद. मधेच उघडलं की चाचणी बाद. शंभर दिवस निभावले की आतल्या माणसाला चंद्रावर जाणाऱ्या तुकडीत जागा.

वेलांच्या खोलीच्या कोपऱ्यात मालनसाठी एक खाट आणि शेगडी होती. भिंतीपलीकडे, माणसाच्या खोलीत, तिची मुलगी सानिका होती. माय-लेकींत सहा वर्षं एक शब्द झाला नव्हता.

जोडघराची कल्पना मुळात सानिकाचीच. वेलांकडे कोण बघणार असा विषय निघाला, तेव्हा आईचं नाव तिनंच सुचवलं, आणि वर अट घातली. "तिच्याइतकं ते काम कुणाला येत नाही. ती असू दे. पण मी तिच्याशी बोलणार नाही आणि तिनंही माझ्याशी बोलायचं नाही. काय असेल ते तुमच्यामार्फत."

नसीमानं मालनच्या गावी, बेडगला जाऊन चाचरत हा निरोप तिला सांगितला. मालननं तो ऐकून घेतला, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "बोलायचं न्हाई एवढंच न्हवं? श्वास घ्यायला बंदी न्हाई ना?"

"नाही," नसीमा म्हणाली.

"मग येते मी. सही कुठं करायची?"

*

आता सहा वर्षांपूर्वी काय झालं तेही सांगितलं पाहिजे.

आपल्याकडे पानमळा म्हणजे देवघर. आत चप्पल चालत नाही, आरडाओरडा चालत नाही आणि बाईला महिन्याचे चार दिवस पाऊल ठेवता येत नाही. मालननं हे सासूकडून मुकाट घेतलं आणि लेक तेरा वर्षांची झाल्यावर तसंच तिच्या पदरात टाकलं. सानिका ते चार दिवस बांधावर बसून अभ्यास करायची आणि आईला चिडवायची, "वेलाला कसं कळतं गं आई? नाक आहे काय त्याला?" मालन म्हणायची, "गप्प बस. फाजीलपणा नको." संध्याकाळी सानिकाचे वडील, आप्पा, घरी आले की पहिला प्रश्न ठरलेला, "सानू कुठं हाय?" मालन सांगायची, "मळ्यात." चार दिवसांत सांगायची, "बांधावर." आप्पा समजायचे आणि पुढं काही विचारायचे नाहीत.

पोरगी कृषी महाविद्यालयात गेली आणि चिडवणं भांडणावर आलं. ते एक वेळ निभलं असतं. पण त्या पावसाळ्याअखेरीला मळ्याला मर लागली. नागवेलीची मर म्हणजे साथच. खोड बुडाशी काळं पडतं, आठ दिवसांत वेल मान टाकतो आणि साचलेल्या पाण्यातून रोग ओळीओळीनं पुढं सरकतो.

काळं खोड पहिल्यांदा मालनला दिसलं होतं. आठव्या ओळीत, शेवटून तिसरा वेल. कारणही तिला तिथंच कळलं. आप्पा पाण्याचं दारं मोडायला, म्हणजे पाणी पुढच्या ओळीत वळवायला, विसरले होते आणि दोन दिवस ओळीत पाणी तुंबून राहिलं होतं. आप्पांचं हृदय आधीच तोळामासा. आपल्या हातानं मळा मारला हे कळलं असतं तर माणूस बसल्या जागी गेला असता. मालननं काळ्या खोडावर माती ओढली आणि तोंड शिवलं. चौथ्या दिवशी भर दुपारी सानिका मळ्यात शिरली. तिचे बाहेर बसायचे दिवस होते, घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर पडताना चुलतीनं तिला बघितलं.

आठवडाभरात मळा बसला. गल्ली गोळा झाली. आप्पा डोकं धरून बांधावर बसलेले. जो तो विचारत होता, हे झालं कशानं? आणि मालनच्या तोंडून निघून गेलं, "हिच्या पायानं! हिच्या पायानं गेला माझा मळा!"

सानिका आईकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. तुझ्या मळ्यात पुन्हा पाऊल ठेवायची नाही." संध्याकाळच्या एसटीनं ती गेली. दोन वर्षांनी आप्पा गेले, तेव्हा आली, लांब उभी राहिली आणि सगळं आटोपल्यावर तशीच परत गेली.

मालननं गावात नंतर पुन्हा मळा लावला, वेल वाढलेही. पण बांधाकडे बघायचं ती टाळत राहिली.

*

"मावशी, एकदा नीट समजून घ्या," तिसऱ्या दिवशी नसीमा स्पीकरवरून म्हणाली. "पानात हरितद्रव्य असतं. ते उजेड पकडतं आणि त्या जोरावर पाण्याचा कण फोडतं. त्यातला प्राणवायू बाहेर सुटतो. उरलेला हायड्रोजन आणि हवेतला कर्बवायू जोडून पान साखर बनवतं. हे प्रकाशसंश्लेषण."

"बरं."

"आता आपण काय करतो? ती साखर पोटातून रक्तात आणि रक्तातून पेशीपेशीत जाते. पेशी प्राणवायू वापरून ती हळूहळू जाळते. त्यातून ताकद मिळते, आणि उरतो कर्बवायू आणि पाणी. हे श्वसन. पानानं जे जोडलं ते आपण सोडवतो. आपण जे टाकतो ते पान उचलतं."

"आणि वेलाला ताकद नको? त्यो काय हवेवर चढतो?"

नसीमा हसली. "बरोबर धरलंत. वेलही श्वसन करतो, आपल्यासारखंच, चोवीस तास. उजेडात साखर बनवण्याचं काम जास्त चालतं म्हणून प्राणवायू शिल्लक पडतो. उजेड कमी करत गेलं तर एक क्षण असा येतो की जेवढं बनतंय तेवढंच जळतंय. त्याच्याही खाली गेलं की वेल आपल्याच वाट्याचा प्राणवायू ओढायला लागतो. गव्हाला, टोमॅटोला भरपूर उजेड लागतो. नागवेल सावलीतली. तिला थोडक्यात भागवता येतं. चंद्रावर विजेची चणचण, म्हणून नागवेल."

मालननं हातातला वेल दोरीनं बांधता बांधता विचार केला. "म्हंजे पान दिवसा रांधतं आणि दिवसरात्र खातं. आपल्या बायकांसारखंच की."

पलीकडे नसीमानं ते वाक्य वहीत लिहून घेतलं. दहा वर्षं विद्यार्थ्यांना शिकवून तिला ते इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

"डॉक्टर, प्राणवायू पाण्यातनं सुटतो म्हणालात न्हवं? म्हंजे मी वेलाला पाजलेलं पाणी भिंतीपलीकडं तिच्या नाकात जातंय?"

"तसंच म्हणा."

"आणि तिनं टाकलेला श्वास?"

"त्यातला कर्ब पानात मुरतो. आता येणारी नवी पानं सगळी सानिकाच्या श्वासाची. थोडी तुमच्याही."

शेंड्याला एक कोवळं पान उलगडत होतं, त्याच्याकडे मालन बघत राहिली. सहा वर्षांत लेकीचं काहीही तिच्या हाती लागलं नव्हतं, पत्र नाही की फोन नाही, आणि आता हे बोटाएवढं पान. तिनं ते खुडलं नाही. नुसतं दोन बोटांत धरलं आणि सोडून दिलं.

*

नळाच्या तोंडाशी एक मीटर होतं. पलीकडून येणाऱ्या हवेत कर्बवायू किती, प्राणवायू किती कमी झाला, ते त्यावर दिसायचं. मालनला सातवीपर्यंतचं गणित येत होतं आणि तेवढं पुरलं.

"टाकलेला कर्बवायू भागिले वापरलेला प्राणवायू," नसीमानं शिकवलं. "माणूस पिष्टमय खात असेल, भात, बटाटा, साखर, तर उत्तर एकाच्या जवळ येतं. उपाशी असेल आणि अंगातली चरबी जळत असेल तर पॉइंट सातकडे उतरतं. साधं जेवण असेल तर मधे कुठंतरी."

झालं! त्या दिवसापासून मालनला दुसरा उद्योग उरला नाही. वेलांना पाणी, पिकल्या पानांची खुडणी, आणि मग मीटरसमोर पाट टाकून बसणं. सानिका कधी उठली, कधी व्यायामाच्या सायकलवर बसली, कधी झोपली, सगळं आकड्यात दिसायचं. पोरगी दुपारी वीसेक मिनिटं डुलकी काढते हेही तिला कळलं. लहानपणी दुपारी बापाच्या धाकानंही झोपायची नाही, आणि आता बघा.

एकदा एकादशीला आकडा पॉइंट सत्त्याण्णववर गेला. मालन घाबरली. "डॉक्टर, हे काय? उपास असताना वर कसा?"

"मावशी, साबुदाणा आणि बटाटा! नुसतं पिष्ट. सकाळपासून दोनदा खिचडी झाली तिची."

"एकादशी अन् दुप्पट खाशी!" मालन खो-खो हसली. किती दिवसांनी हसली ते तिचं तिलाही आठवेना. भिंतीपलीकडे हसू जात नव्हतं, हवा मात्र जात होती.

एकेचाळिसाव्या दिवशी मात्र आकडा सकाळपासून उतरतच गेला. दुपारी पॉइंट अठ्ठ्याहत्तर. चारला पॉइंट पंचाहत्तर. नसीमाच्या खोलीत डॉक्टर मंडळींची धावपळ सुरू झाली. आजारी असेल काय, ताप आहे काय, रक्त तपासायला हवं काय.

"काय करू नका," मालन म्हणाली. "तिला काय झालं न्हाई. आज आप्पांची तिथी हाय."

नियंत्रण खोलीतली धावपळ थांबली.

"मला वाटलं होतं, इसरली आसंल," मालन पुढं म्हणाली. तीही सकाळपासून जेवली नव्हती. गेली तीन वर्षं ह्या दिवशी ती घरात एकटी बसायची. ह्या वर्षी पहिल्यांदा भिंतीच्या दोन्ही बाजूंना उपास होता. संध्याकाळी तिनं नळाच्या तोंडाशी तळहात धरला. पलीकडून येणारी हवा किंचित कोमट होती. बराच वेळ ती हात तसाच धरून बसली.

अजून एक गोष्ट तिला आकड्यांत दिसली, ती तिनं कुणाला सांगितली नाही. झोपेत वापरलेल्या प्राणवायूचा आकडा महिन्यातले दहा-बारा दिवस थोडा चढा राहायचा आणि मग एका दिवसात खाली यायचा. मालन बाईमाणूस. तिनं कॅलेंडरवर खुणा केल्या आणि दुसऱ्या महिन्यात तिला कळून चुकलं. पूर्वी ज्या दिवसांत ती लेकीला मळ्याबाहेर बसवायची, ते दिवस आता लेकीच्या श्वासातून तिला कळत होते. ही विद्या आपल्याला कशाला आली, असं तिला वाटलं.

*

साठाव्या दिवशी वेल छताला टेकले आणि उतरणीची वेळ झाली. नागवेल वर पोचली की तिला अलगद सोडवून खाली घ्यायची, खालच्या उघड्या खोडाचं वेटोळं करून वाफ्यात पुरायचं आणि शेंडा पुन्हा वर चढवायचा. हे काम घाईचं नाही. ते करताना मालननं सहज एक जून पान तोंडात टाकलं आणि चावता चावता थांबली.

पानाचा तिखटपणा लगेच आला नाही. आधी गोडसर लागलं आणि मग मागून जिभेच्या मुळाशी चुरचुरलं. अशी चव तिनं एकाच मळ्यात चाखली होती.

"डॉक्टर, हे बेणं कुठलं?"

"तुम्हाला माहीत नाही?" नसीमाला नवल वाटलं. "तुमचंच की. सानिकानं आणलेलं. मर लागलेल्या मळ्यातल्या एका धडधाकट वेलाची कांडी तिनं आणली म्हणे आणि प्रयोगशाळेत वाढवली. हे नऊशेच्या नऊशे त्या एका कांडीचे."

मालन वाफ्याच्या कडेला बसली. कांडी आणली कधी? मळा बसल्यावर सगळे वेल उपटून जाळले होते. त्याच्या आधी सानिका मळ्यात गेली ती एकदाच, त्या दुपारी. आणि हिरव्यागार मळ्यातून कुणी चोरून बेणं नेत नाही. बेणं नेतो तो मळा जाणार हे ज्याला कळलंय तोच.

म्हणजे पोरीनं काळं खोड बघितलं होतं. त्यावर ओढलेली माती बघितली होती. ओळीत पाणी कुणामुळं तुंबलं आणि ती माती कुणी ओढली हेही तिला कळलं असणार, त्या मळ्यात दुसऱ्या कुणाचं एवढं बारीक लक्ष होतं? गल्लीसमोर मालन खोटं बोलली तेव्हा सानिकाला ते खोटं आहे हे ठाऊक होतं. तरीही ती गप्प राहिली आणि निघून गेली.

त्या दिवशी मालनच्या हातून एक वेल मोडला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

तिनं नसीमाला दोनदा सांगायचा प्रयत्न केला, "तिला निरोप द्या, म्हणावं..." दोन्ही वेळा वाक्य तिथंच अडलं. असलं निरोपानं सांगतात काय? गल्लीदेखत केलेला घाव कानात पुटपुटून भरून येत नाही. आणि बोलायचं नाही असं ठरलेलं. मालन शब्दाची पक्की होती. चुकीच्या जागी पक्की होती, हे तिला आता कळत होतं.

*

त्र्याऐंशीव्या दिवशी सकाळी आठ वाजता नळांचा पंखा थांबला.

दोन्ही नळांना मोटर एकच होती. वीज वाचवायला ही काटकसर सानिकानंच केली होती. मोटर बाहेरच्या बाजूला होती, नळ बंद करून बदलता आली असती, पण नवी मोटर पुण्याहून यायची म्हणजे उद्या दुपार. तोवर दोन खोल्यांतली हवा तुटली.

वेलांच्या खोलीत काही अडचण नव्हती. अडचण पलीकडे. खोली लहान, आत एक माणूस, आणि माणूस श्वास घ्यायचं थांबवू शकत नाही. सानिकाचंच शरीर साखर जाळत होतं आणि तिच्याच भोवती कर्बवायू साठवत होतं. दुपारी बारा वाजता तो एक टक्का झाला. तीन वाजता दीड. दोन टक्क्यांना बाहेरचं दार उघडायचं, असा कडक नियम होता. ह्या वेळी सगळे स्पीकर चालू ठेवले होते, त्यामुळे मालनला सगळं ऐकू येत होतं.

"सानिका, डोकं दुखतंय का?" नसीमानं विचारलं.

"दुखतंय. बाहेरचं दार उघडा." आवाज जड येत होता.

"अगं, बाहेरचं कशाला? मधल्या दाराची कडी तुझ्या बाजूला आहे. वेलांच्या खोलीत जा, उद्यापर्यंत तिथं थांब. तेही जोडघरच आहे, चाचणी चालू राहते. नियमात लिहिलंय, तूच लिहिलंयस!"

"मला तिकडे जायचं नाही."

"सतरा दिवस राहिलेत, सानिका. पाच वर्षांचं काम आहे तुझं. चंद्र आहे पुढं!"

"बाहेरचं दार उघडा म्हणाले ना मी."

मालन मधल्या दाराशी कधी येऊन उभी राहिली ते तिलाच कळलं नाही. दार थंडगार होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा पोरीचा आवाज ती आज ऐकत होती, आणि तो दार उघडा म्हणत होता, पण हे नव्हे.

"सानू," ती म्हणाली.

मग सानिका म्हणाली, "बोलायचं नाही असं ठरलंय."

"ठरलंय. मोडते मी. डॉक्टर, तुमच्याकडं हे सगळं रेकॉर्ड होतंय न्हवं?"

"होतंय, मावशी."

"होऊ दे. सगळ्यांनी ऐका. तवा गल्लीदेखत बोलले होते, आता तुमच्यादेखत बोलते. मळा माझ्या लेकीच्या पायानं गेला न्हाई. आठव्या ओळीतला वेल आधीच काळा पडला होता. चार दिवस आधी. मी बघितला. तिच्या आप्पांनी पाणी सोडून ठेवलं होतं, ते त्यांना कळू नये म्हणून मी माती ओढली. आणि माणसं विचारायला लागली तवा माझ्या पोरीचं नाव घेतलं. सोपं पडलं. पायजे तवा हाताशी कारण होतं, चार दिवसांचं." ती थांबली. दाराला तिनं कपाळ टेकवलं. "सानू, तुला ठावं होतं. तू बेणं न्यायला गेली होतीस."

पलीकडच्या कर्बवायूचा आकडा आणखी एका पॉइंटनं वर सरकला.

"हो," सानिका म्हणाली.

"मग तिथंच बोलली का न्हाईस? खोटं पडले आसते मी. पडू द्यायचं होतंस!"

"आप्पा बांधावर बसले होते, आई. ऐकत होते."

मालन दाराशी खाली बसली. एकाच माणसाला जपायला दोघी गप्प राहिल्या होत्या, एकमेकींना सोडून. तो माणूस गेल्यालाही आता चार वर्षं झाली होती.

"मावशी, एक पॉइंट आठ," नसीमाचा आवाज आला. "आता ठरवावं लागेल."

मालननं डोळे पुसले. "सानू, कडी काढ. आत ये."

"आई, माझे चार दिवस आहेत." हे ती रागानं म्हणाली नाही. फार थकून म्हणाली. जणू शेवटची एक पायरी तिनं आईसाठी सोडून ठेवली होती.

"ठावं हाय. परवाच आकडा उतरला. ये."

"वेलांना चालेल?"

"वेलांना?" मालनला रडता रडता राग आला. "तीन महिनं झालं, हे वेल तुझा श्वास खाऊन वाढल्यात. पानापानात तू हायस. तुझाच तुला इटाळ व्हतोय व्हय? कडी काढ म्हणते ना मी! मरायचंय तिथं बसून?"

कडी वाजली. दार जड होतं, हळूहळू उघडलं. आत सानिका भिंतीला धरून उभी होती, चेहरा उतरलेला, केस विस्कटलेले. सहा वर्षांत तिच्या डोळ्यांखाली आप्पांसारखी सूज आलेली मालनला दिसली. मालन हात पुढं करणार तेवढ्यात सानिका उंबऱ्यावर थांबली आणि वाकली.

पोरगी परत फिरतेय की काय?

सानिका पायातले बूट काढत होती. एक काढला, मग दुसरा, आणि दोन्ही, पहिल्या दिवसापासून तिथंच असलेल्या आईच्या चपलांशेजारी नीट लावून ठेवले. मग अनवाणी पाऊल तिनं वाफ्यांमधल्या वाटेवर टाकलं. चार पावलं चालून ती पहिल्या ओळीतल्या वेलांत बसली आणि छाती भरून श्वास घेतला. मग आणखी एक. मालन तिच्याशेजारी बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, लहानपणी ठसका लागल्यावर फिरवायची तसा.

"उतरण किती छान केलीस," थोड्या वेळानं सानिका म्हणाली. "एक वेल तेवढा मोडलाय."

"तुझ्यामुळं मोडला," मालन म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. सानिकानं तिच्याकडे बघितलं, आणि दोघींनाही हसू आवरेना.

स्पीकर खरखरला. "मावशी, मधलं दार उघडल्यामुळं आता दोघींचा आकडा एकत्रच येतोय. कुठला श्वास कुणाचा ते यंत्राला वेगळं काढता येत नाही. आज सानिकाच्या नावापुढं मी काय लिहू?"

मालननं लेकीकडे बघितलं. सानिका डोळे मिटून, वेलाच्या खोडाला डोकं टेकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता.

"लिवा, डॉक्टर," मालन म्हणाली. "सानू मळ्यात हाय."